खाडीकडच्या एसटीपीतला पांढरा कापूस: थायोथ्रिक्सच्या नोंदी, फेब्रुवारी ते एप्रिल २०२५

ठाण्यात कोलशेत-बाळकुम पट्ट्यातल्या एका सोसायटीचा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प. ३२० घरे, क्षमता दिवसाला २०० घनमीटर, प्रत्यक्ष आवक सुमारे १५०. कच्चे पाणी इनलेट चेंबरमधून इक्वलायझेशन टाकीत (आवक साठवून समान करणारी), तिथून ११० घनमीटरच्या एअरेशन टाकीत (हवा देऊन जिवाणूंचा गाळ वाढवणारी), मग सेटलिंग टाकी (गाळ तळाशी बसवणारी), वाळूचा फिल्टर, कार्बन फिल्टर आणि शेवटी फ्लशिंगच्या टाकीत. थायोथ्रिक्स हा कुजलेल्या पाण्यातल्या सल्फाइडवर (गंधकाच्या संयुगावर) जगणारा आणि पेशीत गंधकाचे कण साठवणारा तंतुमय जिवाणू; तो माजला की गाळ फुगतो आणि तळाशी बसत नाही. खाडीला लागून असलेल्या ज्या सोसायट्यांत हाच प्रकार चालू आहे, त्यांच्यासाठी या नोंदी. जिथे चुकलो तिथे चुकलो असेच लिहिले आहे.

३ फेब्रुवारी

सेटलिंग टाकीतून गाळ वाहून फिल्टरवर येतो आहे. फिल्टर दर दोन तासांनी चोंदतो. फ्लशिंगची लाइन बंद केली; आजपासून रोज १० हजार लिटरचे दोन टँकर, बाकीची गरज पालिकेच्या पाण्यातून.

एक लिटरच्या नळकांड्यात ३० मिनिटांनी गाळाची पातळी ८८० मिलि. हा आकडा तसाच वापरू नये. गाळ इतका फुगलेला असला की नळकांड्याच्या भिंतीच त्याला धरून ठेवतात आणि बसण्याची चाचणी खोटी ठरते. म्हणून २५० मिलि गाळ, ७५० मिलि स्वच्छ प्रक्रिया केलेले पाणी असे पातळ करून पुन्हा: १९०. चौपट करून ७६०. एमएलएसएस, म्हणजे एअरेशन टाकीतल्या गाळाची दाटी, २,४०० मिग्रॅ/लिटर. म्हणजे एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिलि जागा घेतो तो आकडा) ७६० भागिले २,४०० गुणिले १,००० = ३१७. १५० च्या वर गेला की गाळ फुगला म्हणायचे. हा त्याच्या दुप्पट.

सेटलिंग टाकीच्या व्ही-नॉचवर (पाणी बाहेर पडण्याच्या काठावरच्या खाचांवर) आणि इनलेट चेंबरच्या भिंतीवर पांढऱ्या पिसांसारखा थर. ऑपरेटर त्याला कापूस म्हणतात. दर आठवड्याला ब्रशने घासून काढतात, चार दिवसांत परत येतो.

५ फेब्रुवारी

पहिली चूक. सकाळी ९ ला नमुना घेतला, अर्धी भरलेली बाटली दुपारी ३ नंतर लॅबला पोहोचली. अहवाल: तंतुमय जिवाणू भरपूर, ओळख पटली नाही. ₹१,८०० गेले.

लॅबची यात चूक नाही. बाटलीत वर हवा होती आणि आत सल्फाइड उरले नव्हते. थायोथ्रिक्स अशा वेळी साठवलेले गंधकच पुढे सल्फेटपर्यंत जाळून संपवतो. ज्या चकाकत्या कणांवरून तो ओळखायचा, ते सहा तासांत नाहीसे. नमुना तासाभरात, टाकीशेजारीच पाहावा.

६ फेब्रुवारी

टाकीवरच सूक्ष्मदर्शक लावला. फेज कॉन्ट्रास्ट (पारदर्शक पेशी उठून दाखवणारी सोय) असेल तर उत्तम. साध्या सूक्ष्मदर्शकात कंडेन्सर खाली आणून पडदा बराच मिटला की गंधकाचे कण दिसतात, फक्त डोळे दुखतात.

४०० पटीवर: सरळ किंवा सावकाश वळलेले तंतू, गाळाच्या गुठळ्यांतून चारी बाजूंनी बाहेर आलेले. बऱ्याच ठिकाणी अनेक तंतूंची मुळे एका बिंदूला चिकटून फुलासारखी रचना. हालचाल नाही. १,००० पटीवर तंतूच्या आत धाग्यात मोहरी ओवावी तसे चकाकते कण. ग्रॅम रंगात (जिवाणूंचे दोन गट ओळखण्याची रंगचाचणी) लाल, म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह.

कशाशी घोळ होऊ शकतो ते लिहून ठेवतो. बेगियाटोआतही गंधकाचे कण असतात, पण तो कशालाच चिकटत नाही आणि काचेवर सरपटत जातो. मायक्रोथ्रिक्स केसाच्या गुंत्यासारखा वळलेला आणि ग्रॅम-पॉझिटिव्ह. टाइप ०२१एन हा थायोथ्रिक्सचा जवळचा नातेवाईक, त्यालाही फुले येतात, पण त्याला बाहेरचे आवरण नसते आणि पेशी पिंपासारख्या फुगीर दिसतात. आमच्या तंतूंना आवरण होते: काही रिकाम्या नळ्या सापडल्या, त्यातल्या पेशी निघून गेलेल्या. वंश थायोथ्रिक्स हे नक्की. जात निव्हिया की दुसरी, हे डीएनए तपासल्याशिवाय सांगता येत नाही, आणि टाकी चालवण्यासाठी त्याची गरजही नाही. (निव्हिया म्हणजे लॅटिनमध्ये बर्फासारखी पांढरी. कापूस म्हणणारे ऑपरेटर फार दूर नव्हते.) थायोथ्रिक्स हे नाव सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्रादस्कीने १८८८ मध्ये दिले, त्याच्या आदल्याच वर्षी त्याने बेगियाटोआवर काम करून दाखवले होते की हे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड जाळून त्यावर जगतात.

गंधकाची चाचणीही केली. सोडियम सल्फाइड, नऊ रेणू पाण्याचे, लिटरला २०० मिग्रॅ. हे द्रावण आणि गाळ समसमान, उघड्या चंबूत १५ मिनिटे, अधूनमधून हलवत. ज्या तंतूंत आधी कण विरळ होते तेही भरून गेले. द्रावण त्याच दिवशी बनवा, मोकळ्या हवेत करा, आणि त्यात आम्ल चुकूनही पडू देऊ नका.

तंतूंचे प्रमाण ० ते ६ च्या मोजपट्टीवर ५.

७ ते १५ फेब्रुवारी

दुसरी चूक, आणि महागडी. एअरेशन टाकीत विरघळलेला ऑक्सिजन ०.६ मिग्रॅ/लिटर निघाला म्हणून सगळा दोष त्याच्यावर टाकला. राखीव ७.५ किलोवॅटचा ब्लोअर रोज १० तास जादा चालवला. ऑक्सिजन ३.५ पर्यंत चढला. तंतूंना काहीही फरक पडला नाही.

नऊ दिवस, ६७५ युनिट, आमच्या दराने ₹७,४२५. १६ तारखेला एसव्हीआय ३४५.

कमी ऑक्सिजनवर फोफावणारे तंतू वेगळे. त्यांच्यासाठी हा उपाय बरोबर आहे. थायोथ्रिक्सला थोडा ऑक्सिजन लागतोच, त्याशिवाय तो सल्फाइड जाळणार कसा? त्याला खाद्य मिळते कुजलेल्या पाण्यातून: सल्फाइड आणि ॲसेटिक आम्लासारखी साधी आम्ले, दोन्ही एकदम. ते खाद्य टाकीत येत असेल तोवर आपण हवा वाढवून त्याचे जेवण गरम करून देतो, इतकेच.

१७ फेब्रुवारी

टँकरचा खर्च थांबत नाही, त्यामुळे क्लोरीन सुरू केला. तत्त्व साधे: तंतू गुठळीच्या बाहेर आलेले असतात, म्हणून क्लोरीन आधी त्यांना लागतो. चांगले जिवाणू गुठळीच्या आत झाकलेले राहतात. हा झाकलेपणा मात्रा जपून दिली तरच उपयोगी.

हिशेब. टाकीत गाळ ११० × २.४ = २६४ किलो. सुरुवात दर १,००० किलो गाळाला दिवसाला २ किलो क्लोरीन, म्हणजे ०.५३ किलो. हायपोवर (सोडियम हायपोक्लोराइट, द्रवरूप क्लोरीन) १० टक्के लिहिले आहे, म्हणून लिटरला १०० ग्रॅम धरले: ५.३ लिटर दिवसभरात, डोसिंग पंपाने, थेंबथेंब.

कुठे सोडायचा हे मात्रेइतकेच महत्त्वाचे. रिटर्न स्लजच्या, म्हणजे सेटलिंग टाकीतून एअरेशनला परत जाणाऱ्या गाळाच्या पाइपात, पंपाच्या पुढे, जिथे पाणी घुसळते तिथे. कच्च्या सांडपाण्यात सोडला तर क्लोरीन तिथल्या अमोनिया, सल्फाइड आणि घाणीवरच खर्ची पडतो. आमचा रिटर्न पंप ताशी १० घनमीटर, त्या गाळाची दाटी सुमारे ३,२०० मिग्रॅ/लिटर. म्हणजे दिवसाला ७६८ किलो गाळ त्या बिंदूवरून जातो, टाकीतला सगळा गाळ जवळजवळ तीनदा. एकदासुद्धा पुरता जात नसेल तर आधी पंपाचे काम करा.

२० फेब्रुवारी

तीन दिवसांत काही नाही. तंतूंतले कण जसेच्या तसे. एसव्हीआय ३३०.

हायपोच तपासला. १० मिलि घेऊन २५० पर्यंत पातळ केला, त्यातले १० मिलि (म्हणजे मूळचे ०.४ मिलि), पोटॅशियम आयोडाइड, ॲसेटिक ॲसिड, आणि ०.१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेशन, शेवटी स्टार्च. ७.० मिलि लागले. एक मिलिला ३.५४६ मिग्रॅ क्लोरीन, म्हणजे ०.४ मिलित २४.८ मिग्रॅ. लिटरला ६२ ग्रॅम! कॅन दोन महिने पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाच्या झळा खात पडला होता. आम्ही २ किलोच्या मात्रेऐवजी जेमतेम सव्वा किलोची देत होतो.

वागळे इस्टेटहून ताजा माल आणला, कॅन सावलीत ठेवले. मोजणी: लिटरला १०४ ग्रॅम. लेबलावर विश्वास ठेवू नये. हायपो आल्याच्या दिवशी आणि नंतर दर आठवड्याला टायट्रेशन.

२१ ते २७ फेब्रुवारी

मात्रा ३ किलोवर नेली: ०.८ किलो क्लोरीन, ७.६ लिटर.

रोज सकाळी एक स्लाइड. क्लोरीन लागल्याची खूण टप्प्याटप्प्याने दिसते. आधी गंधकाचे कण जातात. मग पेशीतला रस आक्रसतो, मध्ये फटी पडतात. शेवटी रिकामी नळी उरते. दुसऱ्या दिवशी कण गेले, चौथ्या दिवशी निम्म्या तंतूंत फटी.

२४ तारखेला घाई केली. मात्रा ५ किलोवर, १२.८ लिटर. संध्याकाळी सेटलिंग टाकीचे पाणी दुधट, गुठळ्यांच्या कडा विस्कटलेल्या. हे जादा मात्रेचे लक्षण, इथे थांबायचेच. २५ ला परत ३ वर आणले, दीड दिवसात पाणी निवळले. नळी रिकामी झाली तरी ती गाळातच असते, म्हणून एसव्हीआय मागाहून उतरतो. त्याची वाट न पाहता मात्रा वाढवणे ही नेहमीची चूक आहे आणि ती आम्हीही केली.

२५ लाच फिल्टर सुरू, टँकर बंद. २७ ला एसव्हीआय १६५. २८ ला क्लोरीन बंद.

४ ते ५ मार्च

परत आला. नवीन तंतू आखूड, पण फुलेच फुले, प्रत्येक तंतूत कण. एसव्हीआय १९०, आणि ७ तारखेपर्यंत २४५. सहा दिवसांत इतकी वाढ म्हणजे खाद्य जोरात येते आहे.

आता जे पहिल्या दिवशी करायला हवे होते ते केले: सल्फाइड मोजले. इक्वलायझेशन टाकीतून एअरेशनला जाणाऱ्या पाण्यात ८ मिग्रॅ/लिटर (मिथिलीन ब्लू किट). लेड ॲसिटेटचा ओला कागद टाकीच्या झाकणाखाली धरला तर अर्ध्या मिनिटात काळा. पाण्याचा पीएच ७ च्या जवळ, तिथे निम्मे सल्फाइड वायूच्या रूपात असते, म्हणजे नाकाला जे कळते ते निम्म्याचेच.

६ मार्च

इक्वलायझेशन टाकी. वरून बांबूने चाचपले: तळाशी ४० ते ४५ सेंटिमीटर गाळ. हवेचे पाइप गाळात गाडलेले, तीन कोपऱ्यांत एकही बुडबुडा नाही. या थरात सल्फेटवर जगणारे जिवाणू सल्फाइड बनवतात आणि वरचे पाणी ते घेऊन पुढे जाते.

टाकीच्या स्लॅबचा आतला पृष्ठभाग ओला आणि खडूसारखा. काठीला पीएचचा कागद बांधून लावला तर २. वायू वर जातो, ओल्या काँक्रीटवर दुसऱ्या जातीचे गंधकजिवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्ल करतात आणि सिमेंटचे जिप्सम होते. ताज्या काँक्रीटचा पीएच १२ च्या वर असतो. हा स्लॅब किती खाल्ला गेला ते गाळ काढल्यावर पाहू.

इथे एक गोष्ट ठणकावून. टाकीत कोणीही उतरायचे नाही. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, १०० पीपीएमच्या आसपास वास कळणेच बंद होते, आणि वास गेला म्हणजे धोका गेला असे वाटून माणूस खाली जातो. २०१९ मध्ये ढोकाळीत एका सोसायटीच्या एसटीपीत तीन कामगारांचा जीव गेला. ढोकाळी इथून हाकेच्या अंतरावर आहे. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानेही सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणे गुन्हा आहे. जे काम वरून होत नाही ते काम रचनाच बदलून वरून होईल असे करावे.

८ ते ११ मार्च

सक्शन टँकरच्या चार फेऱ्या, दर फेरी ₹३,५००. चार वायू मोजणारा डिटेक्टर दोन दिवस भाड्याने, ₹३,०००. गाळ ढवळताना झाकणाशी वायू उसळी मारतो; ऑपरेटर वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे, पाच मीटर लांब.

पहिल्या दोन फेऱ्यांत गाळापेक्षा पाणीच जास्त गेले. सक्शनचे तोंड एकाच जागी धरले की गाळात खड्डा पडतो आणि नंतर वरचे पाणी ओढले जाते. तिसऱ्या फेरीपासून पातळी आधी पंपाने उतरवली आणि नळी दर दोन मिनिटांनी सरकवली.

नवीन हवेची जाळी: चार वेगळे तुकडे, प्रत्येकाला वरून उतरता पाइप, स्वतंत्र व्हॉल्व्ह आणि उचलायला साखळी. मोठ्या बुडबुड्यांचे डिफ्यूझर. बारीक बुडबुड्यांचे पडदे कच्च्या पाण्यात केस आणि चिंध्यांनी महिन्याभरात गुदमरतात. ₹६२,०००. जुनी जाळी तशीच तळाला सोडली.

११ ला टाकीत ऑक्सिजन ०.८, सल्फाइड १.५. एसव्हीआय हळूहळू उतरू लागला, १३ ला २१५.

१४ ते १५ मार्च

धुळवडीच्या दिवशी सल्फाइड १.५ वरून ६. जाळी चालू, बुडबुडे सगळीकडे, तळाशी गाळ नाही. पाइपलाइनमध्येच कुठेतरी तयार होऊन येते आहे, हे उघड. पण आत्ताच का?

वहीतले आकडे मागे जाऊन पाहिले. एसव्हीआयची चढती १२ फेब्रुवारीनंतर, २८ फेब्रुवारीनंतर, आणि आता. पौर्णिमा, अमावस्या, पौर्णिमा. म्हणजे उधाण, मोठी भरती. ऑपरेटरांपैकी एकजण बाळकुमचे, आगरी घरातले. त्यांनी आकड्यांकडे बघितलेसुद्धा नाही: "खाडी आत येते ना साहेब, त्यात काय बघायचं."

तरी टीडीएसची (पाण्यात विरघळलेल्या क्षारांची, मिग्रॅ/लिटर) नोंद त्याला साक्ष देत नव्हती. रोज ५५० ते ६२०, सपाट. दोष मोजण्याच्या वेळेत होता. आमची नोंद रोज सकाळी ८ ची. या किनाऱ्यावर उधाणाची भरती दुपारी १२ आणि रात्री १२ च्या आगेमागे लागते. सकाळी ८ ला पाणी नुकते ओहोटीतून वळलेले असते, आणि त्याच वेळी ३२० घरांच्या अंघोळीचे पाणी येत असल्याने उरलेसुरले मीठही पातळ होते.

१५ च्या पहाटे दीड वाजता इनलेट चेंबरवर टीडीएस २,८०० च्या आसपास. खाडीचे पाणी न मिसळलेले सांडपाणी ४५० असते.

१६ मार्च

झाकणे एकेक उघडून मोजले. खाडीच्या बाजूच्या कंपाउंडलगतचे विटांचे चेंबर. पाइप जिथे भिंतीत शिरतो तिथल्या सांध्यातून आणि खालच्या दोन थरांतून पाणी झिरपते आहे. भरतीला पन्हाळ धरून २० लिटरची बादली भरायला ३ मिनिटे, म्हणजे ताशी ४०० लिटर. ओहोटीला नुसती ओल.

त्या पाण्यावर टीडीएस पेन थकला, कारण त्याची कमाल ९,९९०. दहापट पातळ करून १,८००, म्हणजे १८,०००. समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम क्षारांमागे सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. त्या प्रमाणात या पाण्यात लिटरला १,४०० मिग्रॅच्या जवळ.

रात्री दीडला खरे सांडपाणी ताशी २,५०० लिटर. ४०० लिटर त्यात मिळाले की एकूण १४ टक्के खाडी. टीडीएस २,८७० यायला हवा, पेन तेवढाच दाखवत होता. सल्फेट १९० मिग्रॅ, शिवाय रात्रीचे पाणी पाइपात रेंगाळते. सल्फेट भरपूर, वेळ भरपूर, हवा नाही. थायोथ्रिक्सचा स्वयंपाक तिथे होत होता. ठाण्याचे नळाचे पाणी अगदी कमी क्षारांचे, म्हणून आतल्या भागातल्या सोसायट्यांत टाकी तितकीच तुंबलेली असूनही इतका त्रास होत नाही.

१७ मार्च

लगेच गवंडी बोलावून आतून जलद सुकणारे सिमेंट लावले. ₹६,५००. पौर्णिमा होऊन तीनच दिवस झालेले, भरतीचा जोर कायम. दुपारच्या पाण्याने मागून ढकलून निम्मा थर उचलला. संध्याकाळी पाणी पूर्ववत. १८ ला एसव्हीआय २६०.

२२ ते २३ मार्च

अष्टमी, भांगाची म्हणजे कमी उंचीची भरती. पाणी चेंबरच्या सांध्यापर्यंत जेमतेम येते. असले काम भांगालाच धरावे. कंत्राटदाराला तारीख देताना कॅलेंडरमध्ये अष्टमी बघा, त्याची सोय नंतर.

क्रम असा: सैल सिमेंट खरवडून काढले. पाइपाभोवती आणि खालच्या थरांत ३० सेंटिमीटरवर छिद्रे, भिंतीच्या दोन तृतीयांश जाडीपर्यंत. पॉलियुरेथेन ग्राउट (फटी भरणारे रसायन) खालून वर, शेजारच्या छिद्रातून फेस येईपर्यंत. हा ग्राउट पाणी लागले की फुगतो, म्हणून कोरड्या भागात आधी पाणी मारून घेतले. त्यावर स्फटिक बनवणाऱ्या वॉटरप्रूफिंग सिमेंटचे दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडवा. ₹४८,०००. चेंबर उथळ, उघडे, डिटेक्टर शून्यावर. तरी एक माणूस वर दोरी धरून.

पाइपाच्या वरच्या बाजूचे एक छिद्र दुसऱ्या दिवशी पुन्हा भरावे लागले, तिथून घाम येत होता.

२४ ते २९ मार्च

उरलेले तंतू काढायला छोटा क्लोरीन, मात्रा २ किलो, पाच दिवस, रोज ५.२ लिटर. जोडीला गाळ काढण्याचे प्रमाण वाढवले: रोज सुमारे १७ किलो कोरडा गाळ फिल्टर प्रेसला, म्हणजे टाकीतला गाळ १५ दिवसांत बदलतो. मेलेल्या तंतूंच्या नळ्या अशाच निघून जातात, त्या विरघळत नाहीत. २९ ला एसव्हीआय १६०.

३० ते ३१ मार्च

अमावस्या नुकतीच झालेली, पाडव्याचे उधाण. ही खरी परीक्षा. दोन्ही रात्री दीड वाजता इनलेट चेंबरवर टीडीएस ५६०. सल्फाइड ०.३. लेड ॲसिटेटचा कागद पाच मिनिटांनी फिकट तपकिरी.

५६० म्हणजे थोडे अजून येतेच आहे. दुसऱ्या चेंबरवर संशय, पण तेवढे हवेची जाळी पचवते.

१२ एप्रिल

हनुमान जयंतीची पौर्णिमा. एसव्हीआय १२०. स्लाइडवर तंतू २, कण एखाद्या तंतूत. पातळ न करता ३० मिनिटांची पातळी ३१०. क्लोरीन बंद होऊन दोन आठवडे झाले. गंधकाची चाचणी पुन्हा केली: तंतूंत कण भरले. म्हणजे थायोथ्रिक्स आहे, उपाशी आहे. तो पूर्ण जाणार नाही आणि जायची गरज नाही.

२८ एप्रिल

अमावस्येनंतरची नोंद. एसव्हीआय १०४. दोन्ही उधाणांत वाढ नाही.

खर्चाचा हिशेब, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. लॅब १,८००, जादा वीज ७,४२५, हायपोचे चार कॅन २,८००, किट, लेड ॲसिटेट कागद आणि टीडीएस पेन ४,९००, डिटेक्टर ३,०००, सक्शन टँकर १४,०००, हवेची जाळी ६२,०००, वाया गेलेले सिमेंट ६,५००, ग्राउटिंग ४८,०००, आणि २२ दिवसांचे पाण्याचे टँकर ८८,०००. एकूण ₹२,३८,४२५. सर्वांत मोठा आकडा पाण्याच्या टँकरचा, आणि त्यातला बराचसा ब्लोअरच्या नऊ आणि शिळ्या हायपोच्या तीन दिवसांत गेला. ५ मार्चला वापरलेले सल्फाइडचे किट ३ फेब्रुवारीला वापरले असते तर ते दिवस वाचले असते.

रोजच्या वहीत आता तीन रकाने वाढवले: रात्री दीडचा टीडीएस (फक्त अमावस्या-पौर्णिमेनंतरचे तीन दिवस), इक्वलायझेशनच्या बाहेर सल्फाइड आठवड्यातून दोनदा, आणि सोमवारची स्लाइड. सल्फाइड २ च्या वर गेले की आधी जाळीचे व्हॉल्व्ह, मग चेंबर. क्लोरीनचा पंप शेवटी.

व्ही-नॉचच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात बोटभर कापूस अजून येतो. तिथे गाळ साचायला जागा आहे, उतार द्यावा लागेल. इक्वलायझेशनच्या स्लॅबला हातोडीने ठोकल्यावर दोन ठिकाणी पोकळ आवाज, एका जागी सळई दिसते. ते काम मेअखेरपर्यंत, पावसाच्या आधी, आणि तेही वरून स्लॅब कापूनच.